आत ओढलेली स्तनाग्रं आणि ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न क्वचितच कुणी थेट विचारतं. बाई वेगळ्याच तक्रारीसाठी दवाखान्यात येते, आणि उठता उठता हळूच म्हणते, "अजून एक विचारायचं होतं." म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. कोणतं ऑपरेशन चांगलं, हे ठरवण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात: स्तनाग्र कधीपासून आत आहे, आणि पुढे बाळाला अंगावर पाजायचं आहे का. बाकीचं बरंचसं या दोन उत्तरांवरून ठरतं.

बोंड आत का राहतं?

दुधाच्या नळ्या स्तनातून येऊन स्तनाग्राच्या टोकाशी उघडतात. या नळ्या आखूड राहिल्या, त्यांच्याभोवतीचे तंतू चिवट झाले आणि स्तनाग्राच्या बुडाशी आधार देणारा भरीव थर पुरेसा तयार झाला नाही, की बोंड बाहेर येण्याऐवजी आत खेचलेलं राहतं. ऑपरेशनात याच तीन गोष्टींशी झुंजायचं असतं.

हे दुर्मीळ नाही. कोरियात सोळाशेहून अधिक तरुणींची पाहणी झाली होती, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्यात शंभरात सुमारे तिघींना जन्मजात आत गेलेली स्तनाग्रं आढळली, आणि त्यातल्या बहुतेकींना दोन्ही बाजूंना. म्हणजे कॉलेजच्या एका वर्गात अशा एक-दोन मुली सहज असतील, आणि प्रत्येकीला वाटत असेल की आपण एकटीच.

माझी स्तनाग्रं वयात आल्यापासून अशीच आहेत. हा आजार आहे का?

नाही. दोन्ही बाजूंना, वर्षानुवर्षं, जशीच्या तशी असतील तर ती तुमच्या शरीराची ठेवण आहे. तिच्यामुळे कॅन्सर होत नाही. खोलगट जागेत घाम आणि मळ साचून कातडी चिघळणं, वास येणं, कधी स्तनाग्राखाली वारंवार गळू होणं, असे त्रास काहींना होतात. ते होत नसतील आणि दिसण्याचंही मनाला काही वाटत नसेल, तर काहीही करायची गरज नाही.

पण माझं तर गेल्या काही महिन्यांतच आत गेलंय.

मग हे पान बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या. सरळ बाहेर असलेलं स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं, त्यातही एकाच बाजूचं, तर कारण सापडेपर्यंत त्याच्यावर सौंदर्याचं ऑपरेशन करायचं नसतं. स्तनातली कॅन्सरची गाठ मागून नळ्यांना आणि तंतूंना खेचते, तेव्हा स्तनाग्र आत जाऊ शकतं. गाठ हाताला लागेलच असं नाही आणि दुखेलच असंही नाही. "दुखत नाही ना, मग काही नसेल" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. ते खरं नाही. सुरुवातीला स्तनाच्या कॅन्सरची गाठ बहुधा दुखतच नाही.

याच्या जोडीला काही दिसतंय का ते पाहा: रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा स्राव, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड होणं, काखेत गाठ, एका जागी खळी. स्तनाग्रावर खाज, खपल्या आणि न भरणारा चट्टा असेल तर त्याला इसब समजून महिनोन् महिने मलम लावत बसू नका. पॅजेट नावाचा कॅन्सरचा एक प्रकार असाच दिसतो.

प्रत्येक वेळी कॅन्सरच असतो असं मात्र नाही. पाळी जायच्या आसपासच्या वयात दुधाच्या नळ्या रुंदावतात, त्यांत घट्ट हिरवट-पिवळसर द्राव साचतो आणि स्तनाग्र आडव्या फटीसारखं आत जातं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये नळ्यांभोवती वारंवार सूज येते, पू होतो, तो स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने फुटत राहतो आणि आत व्रण तयार होऊन स्तनाग्र खेचलं जातं. आपल्या देशात स्तनाच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. जुनं ऑपरेशन, गळवाला दिलेला छेद, वजन झपाट्याने उतरणं, हीही कारणं असतात.

तपासणी सोपी आहे. आधी डॉक्टर हाताने तपासतात. मग सोनोग्राफी होते, आणि साधारण चाळिशीच्या पुढे तिच्या जोडीला मॅमोग्राफी. संशय आला तर सुईने बारीक तुकडा काढून तपासतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती गावोगाव पसरलेली आहे. तिच्यापायी बायका तपासणी टाळतात आणि आजार वाढल्यावर येतात. सुईच्या तपासणीने कॅन्सर वाढत नाही, उपचार नेमका कोणता करायचा ते त्या तपासणीवरूनच ठरतं.

भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने लवकरच्या वयात आढळतो. पस्तिशीतल्या बाईनेही "माझं वय कुठे झालंय" म्हणून वाट पाहू नये.

माझा प्रकार कोणता हे कसं ओळखायचं?

हान आणि हाँग या कोरियन सर्जननी १९९९ मध्ये मांडलेली तीन पायऱ्यांची विभागणी आज बहुतेक ठिकाणी वापरतात. अंगठा आणि तर्जनी काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवून हलकेच दाबा.

बोंड सहज बाहेर आलं आणि थोडा वेळ बाहेरच राहिलं, तर पहिली पायरी. आत चिवट तंतू जवळपास नसतात. थंडी वाजली किंवा स्पर्श झाला तरी अशी स्तनाग्रं आपली आपण बाहेर येतात.

बाहेर येतं पण सोडल्याबरोबर परत आत जातं, ही दुसरी पायरी. सर्वाधिक बायका याच गटात येतात. तंतू मध्यम चिवट असतात, नळ्या थोड्या आखडलेल्या असतात, पण बहुधा त्या न कापता काम होतं.

हाताने बाहेर येतच नाही किंवा मोठ्या कष्टाने येतं, ती तिसरी. नळ्या फार आखूड, तंतू दाट आणि खालचा आधार जवळपास नाहीच.

दोन्ही बाजूंची पायरी वेगवेगळी असू शकते. घरच्या अंदाजावर फार विसंबू नका. ऑपरेशनच्या टेबलावर तंतू मोकळे करायला घेतल्यावरच आतलं खरं चित्र कळतं. चांगला सर्जन हे आधीच सांगून ठेवतो.

ऑपरेशन न करता बाहेर आणता येतं का?

पहिल्या पायरीत बऱ्याचदा येतं, दुसरीत कधी कधी, तिसरीत अपेक्षा ठेवू नये.

सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे हलकी हवेची ओढ. डग्लस मॅकजॉर्ज या ब्रिटिश प्लास्टिक सर्जननी १९९४ मध्ये 'निप्लेट' नावाचं साधन मांडलं. स्तनाग्रावर बसणारी छोटी पारदर्शक टोपी, तिला नळी आणि सिरिंज, एवढंच ते. हवा ओढली की स्तनाग्र टोपीत येतं, आणि रोज काही तास असं ठेवून आठवड्यांमागून आठवडे नळ्या लांबवायच्या. आज ऑनलाइन बाजारात अशा टोप्या डझनाने मिळतात. वापरायच्या असतील तर नियम एकच: दुखलं, निळं पडलं, रक्त आलं की थांबा. जोराने ओढून लवकर काम होत नाही, कातडी मात्र फाटते. आणि धीर हवा, दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून टोपी कपाटात टाकणाऱ्याच जास्त.

बोटांनी वर्तुळ चारी दिशांना ताणायचे हॉफमन व्यायाम पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. ब्रिटन आणि कॅनडातल्या गरोदर बायकांवर त्यांची रीतसर चाचणी झाली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आला: या व्यायामांनी किंवा ब्राच्या आत घालायच्या प्लास्टिकच्या कवचांनी पुढचं स्तनपान सुधारलं नाही. त्यामुळे गरोदरपणी आंघोळीच्या वेळी तेल लावून बोंड ओढत बसायचा सल्ला मिळाला तर तो नम्रपणे बाजूला ठेवा. स्तनाग्र चोळल्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेल्या बाईने तर हा प्रयोग करूच नये.

पिअर्सिंग करून आतून बार घातला तर तो स्तनाग्राला बाहेर अडकवून ठेवतो हे खरं, आणि परदेशात काही सर्जननी ही पद्धत वापरलीही आहे. पण टॅटूच्या दुकानात जाऊन हे करू नका. जंतुसंसर्ग झाला तर आत नवे व्रण तयार होतात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

मी ओली बाळंतीण आहे. बाळ धरतच नाही. आताच ऑपरेशन करून टाकू का?

अजिबात नाही. दूध भरलेल्या स्तनावर हे ऑपरेशन करत नाहीत. गरोदरपणातही नाही. तुमच्याकडे त्याहून सोपे उपाय आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे बाळ बोंड चोखत नाही, ते काळ्या वर्तुळाचा मोठा भाग तोंडात घेऊन दूध काढतं. त्यामुळे बोंड आत असतानाही बरीच बाळं नीट पितात. बाळाला पोटाशी पोट लावून धरा, त्याने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा, मग खालचा ओठ वर्तुळाच्या खालच्या कडेला टेकवून पटकन जवळ घ्या. स्तन दुधाने दगडासारखा झाला असेल तर आधी हाताने थोडं दूध काढून वर्तुळ मऊ करा. कडक स्तनावर सरळ बोंडसुद्धा बाळाला धरता येत नाही.

दुसरा उपाय आपल्या शेजारच्या राज्यातून आलेला आहे. कर्नाटकातल्या दावणगेरे इथल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९३ मध्ये साध्या डिस्पोजेबल सिरिंजची युक्ती प्रसिद्ध केली आणि ती नंतर दूरवर पसरली. दहा मिलीची सिरिंज घ्यायची (बोंड मोठं असेल तर वीसची), सुई लावायचं टोक ब्लेडने कापून टाकायचं, दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा. मग मूळची गुळगुळीत बाजू स्तनाग्रावर टेकवायची आणि दट्ट्या हळूच मागे ओढायचा. अर्धा-एक मिनिट धरायचं, सोडायचं, काही वेळा पुन्हा. हे बाळाला पाजायच्या अगदी आधी करायचं. कापलेली खरखरीत बाजू कातडीला कधीही लावू नका. पहिल्यांदा नर्सकडून शिकून घ्या, नुसतं वाचून करू नका.

तोवर चीक वाया घालवू नका. हाताने काढून वाटी-चमच्याने पाजा. बाटलीची सवय लागली की बाळ अंगावर यायला कुरकुर करतं. आणि घरात कुणी "हिला बोंडच नाही, हिचं दूध काय पुरणार" म्हणालं तर ते कानाआड करा. दूध किती तयार होतं याचा बोंडाच्या आकाराशी संबंध नाही. काहींच्या बाबतीत तर बाळाच्या ओढण्यानेच बोंड बाहेर येतं आणि पुढे बाहेरच राहतं.

मुलगी चौदा वर्षांची आहे. आताच करून घेतलेलं बरं ना?

नको. स्तनांची वाढ पूर्ण व्हायची आहे आणि त्या वाढीत काही मुलींची स्तनाग्रं आपसूक बाहेर येतात. शिवाय पुढे पाजता येईल की नाही याचा निर्णय तिचा आहे, तो तिच्या वतीने आईने चौदाव्या वर्षी घेऊ नये. तिला सांगा की हे नॉर्मल आहे. बहुतेक वेळा तिला तेवढंच ऐकायचं असतं.

ऑपरेशन कुणी करून घ्यावं?

चिघळणं किंवा गळू वारंवार होत असेल, हवेच्या ओढीने फरक पडला नसेल, किंवा आरशात पाहिल्यावर मनाला खुपत असेल. हे तिसरं कारणही पुरेसं आहे. त्याची लाज वाटायचं काही नाही आणि त्यासाठी वैद्यकीय सबब शोधायचीही गरज नाही. फक्त इच्छा तुमची स्वतःची हवी. "लग्न ठरलंय, साखरपुड्याआधी उरकून घ्या" म्हणून आई मुलीला घेऊन येते, तेव्हा मुलीशी पाच मिनिटं एकटीशी बोललेलं बरं असतं.

ऑपरेशनात नेमकं काय करतात?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी या व्यंगाचं वर्णन केलं, पुढे जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ केरर यांनी त्यावर शस्त्रक्रिया मांडली. तेव्हापासून आजवर इतक्या पद्धती निघाल्या आहेत की सर्जनच्या परिषदांत त्यावर अजून वाद झडतात. एका प्रश्नाला इतकी उत्तरं असतात, तेव्हा एकही उत्तर सगळ्यांना पुरत नाही असं समजावं. तुमच्या दृष्टीने मात्र दोनच कुळं आहेत: दुधाच्या नळ्या राखणारी ऑपरेशनं आणि त्या कापणारी.

नळ्या राखणाऱ्या पद्धतीत सुन्न केलेल्या स्तनाग्रातून आधी एक धागा आरपार घालून ते वर उचलून धरतात. बुडाशी, बहुधा खालच्या बाजूला, काही मिलिमीटरचा छेद घेतात. त्यातून बारीक कात्री मिटलेली आत घालून उघडतात, तीही नळ्यांच्या दिशेनेच. त्यामुळे आडवे-तिडवे चिवट तंतू सुटतात आणि उभ्या नळ्या बऱ्याचशा शाबूत राहतात. भिंगातून पाहत हे काम केलं तर अधिक नेमकं होतं. तंतू सुटले की बोंड वर येतं, पण त्याच्याखाली पोकळी उरते, आणि ती तशीच सोडली तर काही महिन्यांत बोंड पुन्हा तिच्यात बसतं. म्हणून स्तनाग्राच्या बुडाभोवती कातडीखालून एक गोल टाका घालून तो बटव्याच्या नाडीसारखा आवळतात. फार आवळला तर रक्तपुरवठा तुटतो, सैल राहिला तर बोंड घसरतं. इथे हाताचा अनुभव कळतो. दुसऱ्या पायरीत बहुधा एवढं पुरतं.

आधार आणखी लागेल असं दिसलं तर काळ्या वर्तुळातून कातडीच्या आतल्या थराचे छोटे त्रिकोणी पदर उचलतात. वरची पातळ साल काढून टाकतात, पदराचं एक टोक जोडलेलंच ठेवतात, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग दोन बाजूंचे पदर बोंडाखालून बोगद्यातून नेऊन एकमेकांना शिवतात. तैमूरियन आणि अ‍ॅडहम या सर्जननी १९८० मध्ये मांडलेली ही कल्पना वेगवेगळ्या रूपांत अजून वापरात आहे. व्रण वर्तुळाच्या काळसर कातडीत पडत असल्याने नंतर फारसे दिसत नाहीत.

नळ्या कापणाऱ्या पद्धतीत आखडलेल्या नळ्या तंतूंसकट आडव्या छेदतात. बोंड झटक्यात मोकळं होतं आणि पुन्हा खेचायला मागे काही उरत नाही. तिसऱ्या पायरीत, किंवा नळ्यांभोवती वारंवार पू होत असेल तर, हाच मार्ग सहसा टिकतो. किंमत उघड आहे, पुढे त्या बाजूने पाजता येत नाही.

म्हणजे ऑपरेशननंतर अंगावर पाजता येईल की नाही?

नळ्या राखल्या असतील तर शक्यता आहे, हमी नाही. "शंभर टक्के पाजता येईल" म्हणणाऱ्या डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. काही नळ्या तंतूंसोबत तुटतातच, आणि काही जन्मतःच काम न करणाऱ्या असतात.

नळ्या कापल्या असतील तर बाळंतपणानंतर त्या स्तनात दूध तयार होईल पण बाहेर यायला वाट नसेल. स्तन काही दिवस ठणकतो, मग दूध आपोआप आटतं. दुसऱ्या बाजूच्या नळ्या शाबूत असतील तर एका बाजूवर बाळ वाढू शकतं. जुळ्यांच्या आया दोघांना पुरवतात, हे लक्षात घ्या.

मूल व्हायचं असेल आणि तिसरी पायरी असेल, तर थांबणं हा पर्याय गंभीरपणे घ्या. मुलं झाल्यावर ऑपरेशन केलं तर निर्णय खूप सोपा होतो. नळ्या राखायच्या की कापायच्या, आणि राखायचा प्रयत्न फसला तर टेबलावर काय करायचं, हे संमतीपत्रावर मराठीत लिहून घ्या. तोंडी बोलणं दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

भूल कोणती? किती वेळ? दुखतं का?

बहुधा जागेवरच सुन्न करतात, दाताच्या दवाखान्यात वापरतात तेच लिग्नोकेन. इंजेक्शनचे पहिले काही क्षण झोंबतात, मग ओढल्याची जाणीव राहते, दुखत नाही. दोन्ही बाजूंना मिळून साधारण तासभर, आणि त्याच दिवशी घरी. फार भीती वाटत असेल तर गुंगीचं औषध देता येतं. रात्री दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं. गोळी घेऊनही ठणका वाढत गेला तर फोन करा, तसा ठणका अपेक्षित नाही.

मशेरी लावते, चालेल का?

चालणार नाही. आपल्याकडे सिगारेट ओढता का विचारलं की बायका नाही म्हणतात, आणि ते खरंच असतं. मशेरी, तपकीर, तंबाखूचा बार यांबद्दल कुणी विचारतच नाही. निकोटिन कोणत्याही वाटेने गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बोंडाचा रक्तपुरवठा आधीच नाजूक, ऑपरेशनात तो आणखी कमी होतो. त्यात मशेरी म्हणजे टोक काळं पडायचा धोका. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद. सासूबाईंसमोर बोलायचा संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्याने सांगा, पण सांगा. मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दलही.

नंतर काय काळजी घ्यायची?

सगळा खेळ बोंडावर दाब न येऊ देण्याचा. ड्रेसिंगमध्ये मध्ये भोक असलेला जाड गॉज किंवा फोम असतो, कधी कापलेल्या सिरिंजचं कडं बसवून बोंड धाग्याने त्याला बांधून ठेवतात. दिसायला विचित्र, पण महत्त्वाचं. ते किती दिवस ठेवायचं हे सर्जन सांगतील, एक-दोन आठवडे ते त्याहून जास्त. तोवर ड्रेसिंग भिजवू नका. टाके साधारण सात ते चौदा दिवसांत निघतात.

पालथं झोपणं महिनाभर बंद. घट्ट ब्रा आणि पॅडची ब्राही नको. ऑफिसचं काम दोन-तीन दिवसांत जमतं, पण गर्दीच्या वेळची लोकल किंवा एसटी पहिले दोन आठवडे टाळा, तिथे छातीवर कुणाचा कोपर केव्हा लागेल सांगता येत नाही. पाण्याच्या कळश्या, जिम, पोहणं नंतर. जखमेवर हळद, तूप, कोरफड काही नको. एप्रिल-मेच्या घामात ड्रेसिंग लवकर ओलं होतं, त्यामुळे सवड असेल तर हिवाळ्यात करून घ्या.

टोक काळपट-निळं पडणं, एका बाजूची सूज झपाट्याने वाढणं, ताप, पू, ही चिन्हं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

पुन्हा आत जातं का?

जाऊ शकतं, आणि या ऑपरेशनाची सर्वांत नेहमीची तक्रार हीच आहे. पहिल्या सहा महिन्यांत कल दिसून येतो. पायरी जितकी वरची आणि नळ्या राखण्याचा आग्रह जितका मोठा, तितकी ही शक्यता अधिक. म्हणजे टिकाऊपणा आणि पाजण्याची शक्यता एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, आणि दोन्ही पूर्ण मिळवून देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. ऑपरेशन झाल्या झाल्या बोंड गरजेपेक्षा जरा जास्त उंच दिसेल. ते मुद्दाम केलेलं असतं, पुढे ते थोडं बसतं. पुन्हा आत गेलंच तर दुसऱ्यांदा करता येतं, पण व्रण मुरू द्यावे लागतात, सहा महिने ते वर्ष.

स्पर्शाची जाणीव जाते का?

सुरुवातीला बधिर किंवा उलट फार हुळहुळं वाटतं. बहुतेकींची जाणीव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. क्वचित कायमची कमी होते. ही शक्यता ऑपरेशनच्या आधीच मोजून घ्या.

पुरुषांनाही होतं का?

होतं. नळ्या राखायचा प्रश्न नसल्याने ऑपरेशन सरळ असतं. मात्र पुरुषाचं स्तनाग्र नव्याने आत गेलं तर त्यालाही तपासणीची घाई तितकीच. स्तनाचा कॅन्सर पुरुषांना होतो, आणि "हा बायकांचा आजार" म्हणून उशीर होतो.

खर्च, विमा, आणि कुणाकडे जायचं?

दर शहरागणिक, रुग्णालयागणिक इतके बदलतात की इथे आकडा लिहिणं फसवं ठरेल. सर्जनची फी, थिएटर, ड्रेसिंग, पुढच्या भेटी आणि पुन्हा करावं लागलं तर त्याचे पैसे, असा सुटा सुटा हिशेब लेखी मागा. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया सरसकट वगळलेल्या असतात. गळू किंवा वारंवार संसर्गासाठी ऑपरेशन होत असेल तर तसे कागद आधी विमा कंपनीला दाखवून मंजुरी घ्या. जीएसटीचंही विचारा. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेवर तो लागतो, जन्मजात व्यंग दुरुस्त करण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला त्यातून सूट आहे, आणि बिलावर काय लिहिलं जातं याने फरक पडतो.

मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे., पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, इथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत आणि खर्च खासगीच्या मानाने फारच कमी येतो. वाट पाहावी लागेल, कारण तिथे भाजलेले आणि अपघाताचे रुग्ण आधी घेतात आणि ते योग्यच आहे.

पाटीवर "कॉस्मेटिक" शब्द कुणीही लिहू शकतं. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते पाहा, वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. तपासताना नर्स किंवा तुमची बहीण, मैत्रीण खोलीत असावी, हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. ऑपरेशनच्या आधी-नंतर फोटो काढतात. चेहरा त्यात नसावा, आणि ते फोटो तुमच्या फायलीबाहेर, विशेषतः क्लिनिकच्या इन्स्टाग्रामवर, तुमच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नयेत.

पुढे मॅमोग्राफी करताना अडचण येते का?

नाही. तंत्रज्ञाला आणि रेडिओलॉजिस्टना ऑपरेशन केव्हा आणि कोणत्या बाजूला झालं ते सांगा, म्हणजे आतला व्रण पाहून त्यांना उगाच शंका येणार नाही. डिस्चार्ज कार्ड सांभाळून ठेवा.